काळ्या चादरीचं टोक

फणीला दाते पाडायला घेतले की मधे थांबायचं नाही. हात एकदा लयीत लागला की लागला. थांबून पुन्हा करवत धरली की अंतर चुकतं आणि फणी म्हाताऱ्या कुत्र्याच्या जबड्यासारखी दिसायला लागते. म्हणून दारावर थाप पडली तरी जोथम पिल्सबरीनं मान वर केली नाही. थाप मारणाऱ्यालाही त्याचं काही वाटलं नाही. प्रार्थनेच्या सभाघराचा घंटावाला गॉफ होता तो, आणि तो कुठल्याच घरात उत्तराची वाट बघत नसे. आत येऊन त्यानं शिंगाच्या चुऱ्यानं भरलेल्या बाकावर फुंकर मारून जागा केली आणि कागदात गुंडाळलेलं एक मऊ पुडकं तिथं ठेवलं.

"कोण गेलं?" जोथमनं विचारलं. गॉफ पुडकं घेऊन आला की बॉस्टनमध्ये दुसरं काही विचारायचं नसतं. ज्याच्या घरी मयत, त्याच्या घरून हातमोजे येतात. ते घालून मागून चालायचं.

"क्रॉकर," गॉफ म्हणाला. "कॅप्टन जेबेझ क्रॉकर. आज सकाळी. महिनाभर पोट धरून पडले होते. ठाऊक नव्हतं असं नको म्हणूस, सगळ्या शहराला ठाऊक होतं."

करवत घसरली आणि एक दाता तुटून पडला.

"चुकीच्या दारात आलास, गॉफ."

"तुझं नाव सांगून धाडलंय. आणि नुसतं मागून चालायला नाही. हात लावून बघ की. कोकराचं कातडं आहे, लोण्यासारखं. तुला पेटीवरची काळी चादर धरायची आहे, डोक्याकडच्या बाजूला. समोरच्या टोकाला कर्नल. एकीकडे कर्नल आणि एकीकडे फण्या करणारा, काय जोडी जमवलीय. मी म्हटलं क्रॉकरबाईंना, नाव नीट ऐकलंत ना? तर म्हणाल्या, त्यांनीच सांगून ठेवलंय, जोथमच." गॉफनं तुटलेला दाता उचलून आपल्या कानात घालून पाहिला. "बघ बाबा. नऊ वर्षं त्याच्या हातचा पेला घेतला नाहीस, आता त्याच्यावरची चादर तरी धर. मेल्यावर वैर संपतं म्हणतात."

म्हणणाऱ्यांचं काय जातं, जोथमच्या मनात आलं. गॉफ गेल्यावर तो तसाच बसून राहिला. चुलीवरच्या कढईत शिंगं उकळत होती आणि तो जळका, गुरांचा, केसांचा वास सगळ्या खोलीत भरला होता. या वासाची त्याला इतकी सवय होती की तो नसला तरच त्याला चुकल्यासारखं होई. आज मात्र तो नाकात शिरला. पहिलं काय वाटलं असेल तर फसवणूक झाल्यासारखं. गेला. न सांगता गेला. इतकी वर्षं जोथमनं त्याला सोडला नव्हता. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा रविवार येई आणि प्रवचन संपलं, की बाकीचे मान खाली घालून बसत आणि जोथम उठे. पुढच्या मेजावरून चांदीचा पेला घेऊन क्रॉकर निघालेला असे; तो सभाघराचा डीकनही होता, पेला फिरवणं त्याचं काम. रिकाम्या मधल्या वाटेवर ते दोघे समोरासमोर येत, एक पेला घेऊन येणारा आणि एक बाहेर जाणारा. जोथम मुद्दाम बाजूनं जात नसे. मधूनच जाई, म्हणजे क्रॉकरला पेला सावरत अंग चोरावं लागे. सगळं सभाघर बघत असे. ज्याच्या मनात भावाविषयी अढी आहे त्यानं त्या भोजनाला बसायचं नाही, हा नियम लहान मुलालाही पाठ होता. त्यामुळे जोथमच्या जोड्यांचा आवाज फळ्यांवर वाजला की प्रत्येकाला कळे, अढी अजून आहे. एवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. तापानं फणफणलेला असतानाही तो केवळ उठून जाण्यासाठी सभाघरात गेला होता. पाद्री दर वर्षी घरी येऊन समजावत. तक्रार असेल तर सिद्ध कर, नसेल तर सोडून दे. आणि सिद्ध करायचं तर शास्त्रात लिहिलेलंच होतं: दोन साक्षीदार हवेत. एकाच्या सांगण्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही, आणि त्यातून तो एक सख्खा भाऊ.

दोन साक्षीदार होते. दुसरा गाडीवान, तो त्याच रात्री मेला. उत्तरेकडच्या त्या सरोवराच्या काठी, फ्रेंचांशी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. शहराची सगळी तुकडी तिथं होती: सुतार, पिंपवाले, मासेवाले, कवायतीच्या दिवशी मैदानावर एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडणारे सगळे. जोथमचं काम तिथंही शिंगाचंच. जो तो बंदुकीच्या दारूचं आपलं शिंग घेऊन त्याच्याकडे येई, माझं नाव कोर, एखादं जहाज काढ, जमलं तर माझ्या मेरीचं तोंड काढ. धाकटा भाऊ एनॉक हसायचा, म्हणायचा, तुझ्या सगळ्या मेऱ्या सारख्याच दिसतात, नाकाच्या जागी तू फणीचा दाता बसवतोस. एकोणीस वर्षांचा होता एनॉक. त्या संध्याकाळी त्याचा पहारा ओढ्यावरच्या लाकडी पुलावर होता, एकट्याचा. कॅप्टनची सामानाची गाडी चिखलात बसली होती. तिच्यात तंबू नव्हते, दारूगोळा नव्हता, त्याची स्वतःची पेटी होती, पिसांची गादी होती आणि वाईनच्या बाटल्या. जोथम चाकाशी खांदा लावून उभा होता. गाडीवान बैलांच्या नावानं शिव्या हासडत होता. आणि क्रॉकर काठावर उभा राहून पुलाकडे तोंड करून ओरडला, एनॉक, ये इकडे, हात लाव. एनॉक म्हणाला, पुलावर कोणी नाही कॅप्टनसाहेब. क्रॉकर म्हणाला, पूल पळून जात नाही, मी सांगतो ना, ये. ते शब्द जोथमला अजून त्याच आवाजात ऐकू येत. पूल पळून जात नाही. तिघांनी मिळून गाडी काढली, वर तळापर्यंत ढकलत नेली, अंधार पडला, आणि तेवढ्यात शत्रू पुलावरून चालत आला. पळत नाही, चालत. तंबूत आडवी झालेली माणसं उठायच्या आतच गेली. त्यात गाडीवान गेला, आणि शेजारच्या हॅना टटलचा एकुलता एक डॅन गेला.

जोथमच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला. आजाऱ्यांच्या झोपडीत तो बेशुद्ध पडला होता तेव्हा बाहेर चौकशी झाली, कॅप्टननं पवित्र पुस्तकावर हात ठेवून सांगितलं की मी असा हुकूम दिला नाही, आणि एनॉकला खांबाला बांधून ढोलाच्या तालावर फटके मारले. फाटक्या पाठीनं त्याला घरी हाकललं. तो घरी पोचला नाही. वाटेत कुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात तापानं मेला आणि त्या शेतकऱ्यानं त्याला कुंपणाबाहेर पुरलं. जोथम उठून चालायला लागला तेव्हा सगळ्यात आधी क्रॉकरच्या तंबूत गेला. क्रॉकर दाढी करत होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला नाही, आवाजही चढवला नाही. आरशात बघत म्हणाला, "मला असा हुकूम आठवत नाही." मग जरा थांबून, "आणि तू त्याचा भाऊ."

त्या दिवशी जोथमनं ठरवलं, हे याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. सभाघरात, सगळ्यांसमोर, याच्या तोंडून. मारायचं नाही, मारलं की संपलं. आणि आता ते तोंडच बंद झालं होतं, आणि वर कोकराच्या कातड्याचे हातमोजे.

"जा तू," संध्याकाळी आई म्हणाली. ती खिडकीशी बसून उजेड असेपर्यंत लोकर कातत होती. तिनं हातमोजे बघितले होते, पण हात लावला नव्हता.

"कशाला?"

"त्यांनी बोलावलंय म्हणून. चादर धरायला कुणी वाटेवरच्याला बोलावत नाही."

"चादर धरली म्हणजे समेट झाला असा अर्थ होतो, आई. सगळे तेच समजतील."

"समजू देत की." तिनं चाक थांबवलं. "मी पंपावर जाते ना, तेव्हा हॅना टटल बादली उचलून निघून जाते. अर्धी भरलेली बादली घेऊन जाते रे. नऊ वर्षं त्या बाईनं माझ्यामुळे पुरतं पाणी भरलं नाही. लग्नाआधीपासूनची मैत्रीण माझी."

"एनॉकनं काही केलं नव्हतं."

"एनॉक तसा मुलगा नव्हता," आई म्हणाली. ती नेहमी एवढंच म्हणे. जोथम सांगतो ते तिला खरं वाटतं की नाही हे तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. त्याच क्षणी त्याला काय करायचं ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर पोटात ऊब आल्यासारखं झालं. जायचं. हातमोजे घालायचे नाहीत, खिशात ठेवायचे. सगळं शहर जमलं, कर्नल आपल्या टोकाशी उभा राहिला, की पुढं व्हायचं आणि ते हातमोजे पेटीच्या झाकणावर ठेवून जमलेल्या लोकांच्या मधून बाहेर चालू लागायचं, दर महिन्याला चालत होता तसं. चादरीचं एक टोक लोंबतं ठेवून कॅप्टन क्रॉकर कबरीत जाईल. हातमोजे परत केलेले या शहरात कोणी बघितले नव्हते. कंजूष लोक विकत, पण परत कोणी करत नसे. पुढची पन्नास वर्षं लोक हेच सांगतील. रात्रभर तो ते चित्र मनात उलटसुलट करत राहिला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

क्रॉकरच्या घरात दुसऱ्या दिवशी दुपारी गरम रमचा आणि जायफळाचा वास होता. आरशांवर पांढरी कापडं टाकली होती. शहरातले वजनदार लोक हातात पेले घेऊन हळू आवाजात दोरखंडाच्या दराबद्दल बोलत होते आणि जोथम दिसल्यावर एकेकाचं बोलणं तुटत गेलं. ते त्याला आवडलं. खिशात हात घालून त्यानं मोजे चाचपले. तेवढ्यात क्रॉकरची बायको डोर्कस स्वतः पुढं आली आणि त्याला बाजूच्या लहान खोलीत घेऊन गेली. ती बारीक चणीची, नाकासमोर चालणारी बाई. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज ताब्यात होता.

"तू तुझ्या भावाबद्दल काय म्हणतोस ते माझ्या कानावर आहे, जोथम. शहरात कुणाच्या कानावर नाही? मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, म्हणूनच विचारलं नाही." तिनं दार लोटून घेतलं. "परवा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, कबरीपाशी जोथम बोलेल. त्याला कोणी अडवायचं नाही. आणि त्याचं बोलून झालं की तू पुढं हो आणि सगळ्यांना सांग, हा बोलला ते खरं आहे, माझ्या नवऱ्यानं मरताना तसं सांगून ठेवलंय. मी म्हटलं, काय बोलणार आहे तो? तर भिंतीकडे तोंड केलं. मग पुन्हा बोलले नाहीत."

"आणि तुम्ही सांगणार?"

"मी शब्द दिलाय," डोर्कस म्हणाली. तिचे हात एकमेकांत गुंतले होते आणि नखांखालचं मांस पांढरं पडलं होतं. "तू जे बोलशील त्यानंतर मला या शहरात राहायचंय, एवढं लक्षात ठेव. पण शब्द दिलाय."

ती गेली. जोथम खिडकीशी उभा राहिला. खाली अंगणात तिरडीचे खांदेकरी खांद्यांवर पट्टे चढवत होते. दुसरा साक्षीदार मिळाला होता. ज्याची वाट बघत त्याचे केस पिकले ते ताटात वाढून समोर ठेवलं होतं आणि त्याला भूक नव्हती, नुसता संताप. आधी त्याला कळेना, कशाचा. मग हळूहळू कळलं. जिवंत होता तेव्हा याचं तोंड उघडलं नाही. पेला घेऊन समोर आला, अंग चोरून गेला, पण उघडलं नाही. आता पेटीत सुरक्षित पडल्यावर, लाज वाटायला चेहरा उरला नाही तेव्हा, हा माझ्या तोंडानं बोलणार. लाजेचं काम मी करायचं, बायकोनं निस्तरायचं आणि यानं मोकळं होऊन वर जायचं. हुकूमच होता हा. कागदावर नाही, साक्षीला कोणी नाही; काठावर उभं राहून दिलेला तोंडी हुकूम. ये इकडे, हात लाव. गाडी चिखलात बसली की याला पिल्सबरी आठवतात. एनॉकनं ऐकलं होतं आणि त्याचं काय झालं ते दिसलंच.

एनॉकचं नाव धुऊन निघेल, हेही त्याच्या मनात आलं. का नाही येणार? पण ते जरा लांबून आलं, आणि त्याला वाटलं, त्याला काय घाई आहे. नऊ वर्षं थांबलं ते आणखी एक आठवडा थांबेल. डोर्कसनं शब्द दिलाय, ती कुठं जात नाही. आज नाही तर पुढच्या रविवारी सांगू. पण याला आज मोकळं व्हायचंय, माती पडायच्या आत, आणि ते मात्र याला मिळणार नाही. जा म्हणावं ओझं घेऊन. देवाच्या दारात सगळं पाठीवर घेऊन उभा राहा, आणि तिथं दोन साक्षीदार लागत नाहीत. हे सुचल्यावर त्याला हसू आलं, खरंखुरं. त्यानं खिशातून मोजे काढले आणि एकेक बोट ओढून नीट चढवले. कातडं खरोखरच लोण्यासारखं होतं.

वाट चढणीची होती. घंटा सावकाश पडत होती; गॉफ आज जीव लावून वाजवत होता. खांदेकरी चादरीखाली धापा टाकत होते आणि बाजूनं सहा जण काळ्या मखमलीची कड धरून चालले होते. जोथमनं आपलं टोक चांगलं घट्ट धरलं, कर्नलनं धरलं होतं त्याहून घट्ट. लोक दाराशी उभे राहून त्याच्याकडे बघत होते, मयताकडे नाही. बघा, त्याला वाटलं. टेकडीवर वारा होता आणि चादर फडफडायला लागली तशी त्यानं ती दोन्ही हातांनी आवरली. कबरीपाशी कोणी प्रार्थना म्हणत नाही, पाद्रीसुद्धा नाही; दोर सोडतात, माती पडते आणि तोवर सगळे गप्प उभे राहतात. चादर काढून घडी केली. पेटी खाली गेली. डोर्कस त्याच्याकडे बघत होती, तोंड अर्धं उघडं ठेवून, फटका बसायच्या आधी माणूस बघतो तसं. शब्द आले होते, दातांपर्यंत आले होते. इतकी वर्षं घोटलेले शब्द, ते काय सहज मागं फिरतात? त्याच्या जिभेला कळ आली. मग त्यानं खड्ड्यात पाहिलं आणि मनातल्या मनात, आवाज न चढवता, आरशात बघून बोलल्यासारखं म्हटलं: मला असा हुकूम आठवत नाही, कॅप्टनसाहेब.

पहिलं फावडं पडलं. लाकडावर माती पडल्याचा तो पोकळ आवाज त्याला अंगभर ऐकू आला. दुसरं पडलं. मग आवाज मऊ होत गेला आणि बंद झाला. इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. कोणाच्या अंगावर हात न टाकता, एक शब्द न बोलता, त्यानं माणसाला पुरा बुडवला होता.

पाद्रींनी घरच्यांच्या वतीनं सगळ्यांचे आभार मानले आणि लोक सुटे झाले. डोर्कस त्याच्याजवळ आली. तिचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"तू बोलला नाहीस," ती म्हणाली. "म्हणजे बोलण्यासारखं काही नव्हतंच. मला वाटतच होतं. शेवटी शेवटी त्यांना भ्रम व्हायचा, कधी मेलेल्या आईला हाका मारायचे, कधी बैलांना. देव तुझं भलं करो, जोथम."

"बाई," जोथम म्हणाला, "पुढच्या रविवारी मला तुमच्याशी..."

"नको," ती म्हणाली, हलक्या आवाजात पण ठाम. "मी शब्द पाळायला आले होते. कबरीपाशी, असं म्हणाले होते ते. ते झालं." आणि ती शाल सावरून कर्नलच्या बायकोबरोबर उतारावर चालू लागली.

तो तिच्या मागं दोन पावलं गेला असेल. समोर आई उभी होती आणि आईच्या शेजारी, तिच्या कोपराला हात लावून, हॅना टटल. जोथमला आधी कळेच ना आपण काय बघतोय. हॅना आता म्हातारी झाली होती. एवढ्या जवळून तिला बघून किती वर्षं झाली होती. तिचे डोळे वाऱ्यानं वाहत होते की रडल्यानं, सांगता येत नव्हतं.

"मी तुझ्या आईला सांगितलं, तुलाही सांगते," ती म्हणाली. "डॅन गेला त्याचा राग मी गिळला असता. पोरं चुकतात. एकोणीस वर्षांचं पोर, अंधार पडताना एकटं, भीती वाटली असेल, पळालं. पण तुम्ही ते कबूल करत नव्हता, आणि वर भल्या माणसावर आळ घालत होता, ते मला सहन होत नव्हतं. दर महिन्याला तू उठून जायचास ना, तेव्हा माझ्या डॅनच्या अंगावरून चालत गेल्यासारखं वाटायचं मला." तिनं शालीच्या टोकानं नाक पुसलं. "आज तू त्यांची चादर धरलीस. सगळ्यांनी बघितलं. इतकं घट्ट कोणी धरलं नव्हतं. बस, मला एवढंच हवं होतं. मी एनॉकला क्षमा केली, जोथम. आजपासून केली."

"हॅनाबाई," जोथम म्हणाला. "एनॉक पळाला नव्हता. त्याला हुकूम होता. मी तिथं होतो, क्रॉकरनं त्याला..."

हॅनानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. दुखणाईत मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

"आता नको रे," ती म्हणाली. "आत्ताच तर त्यांना माती देऊन आलास."

त्यानं आईकडे पाहिलं. आई हॅनाचा हात दोन्ही हातांत घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं एनॉक घरातून निघाला त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. लोक बाजूनं जाताना टोपीला हात लावत होते. आईनं त्याची बाही ओढली, लहानपणी ओढायची तशी.

"आभार मान, जोथम," ती म्हणाली. "अरे, किती मोठं मन केलंय तिनं. आभार मान."

जोथमनं आभार मानले.